‘नाही’ आणि ‘अजून कळले नाही’ : डोमेन सिद्धान्ताची ओळख

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत आठवणी असाव्यात, अहवाल असावेत, गुणवंतांची छायाचित्रे असावीत. परंतु त्यांच्या सोबतीला निदान एक लेख असा असावा, की जो वाचताना माजी विद्यार्थ्यांना पुन्हा एकदा वर्गात बसल्यासारखे वाटावे. या हेतूने आम्ही एक विषय निवडला आहे. तो इतिहासाच्या शिक्षकाने का निवडावा, असा प्रश्न काहींना पडेल. त्याचे उत्तर असे, की या विषयाला स्वतःचा एक रंजक इतिहास आहे. आणि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला रोज भेटणारा आहे. अपुऱ्या पुराव्यावर किती बोलावे आणि कोठे थांबावे, हा तो प्रश्न होय.

विषयाचे नाव डोमेन सिद्धान्त. संगणकशास्त्र आणि तर्कशास्त्र यांच्या सीमेवर उभी असलेली ही गणिताची शाखा आहे. शालेय बीजगणितात ‘डोमेन’ला ‘प्रांत’ म्हणतात. येथे मात्र त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. येथे डोमेन म्हणजे माहितीच्या तुकड्यांचा असा संच, की ज्यात कोणता तुकडा कोणत्या तुकड्यापेक्षा अधिक माहिती देतो हे ठरवून दिलेले असते. एवढी साधी कल्पना घेऊन संगणकाच्या प्रोग्रामचा ‘अर्थ’ काय, या अवघड प्रश्नाचे उत्तर कसे शोधले गेले, ते आपण पाहू.

ठाऊक नसणे म्हणजे ‘नाही’ नव्हे

सावर्डे स्थानकावर पाहुण्यांची वाट पाहत असलेल्या माणसाची कल्पना करा. गाडी मुंबईहून निघाली आहे. आरंभी त्याला गाडीविषयी काहीच ठाऊक नाही. मग कळते, की गाडीने खेड सोडले. पुढे चिपळूण सोडल्याचे कळते, नंतर कामथे सोडल्याचे. या प्रत्येक पायरीवर त्याची माहिती वाढली. आणि महत्त्वाचे असे, की आधीची माहिती खोटी ठरली नाही. ‘कामथे सोडले’ या माहितीत ‘चिपळूण सोडले’ ही माहिती सामावलेलीच आहे. या वाढत्या पायऱ्यांच्या अगदी तळाशी ‘काहीच ठाऊक नाही’ ही पायरी आहे. डोमेन सिद्धान्तात तिला तळ असेच म्हणतात. प्रत्येक डोमेनला असा एक तळ असतो.

तळ म्हणजे शून्य नव्हे आणि तळ म्हणजे नकारही नव्हे. गाडीची बातमी आली नाही म्हणजे गाडी रद्द झाली, असे कोणी शहाणा माणूस समजत नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा दूरगावी असलेल्या कित्येकांचे फोन आपल्या माणसांना लागेनात. न लागलेल्या फोनचा अर्थ ‘ते सुखरूप आहेत’ असा नव्हता, तसा ‘ते संकटात आहेत’ असाही नव्हता. ती तिसरीच स्थिती होती, आणि त्या स्थितीला तिसरीच म्हणून ओळखण्यात शहाणपण होते.

दुसरे उदाहरण आमच्या विषयातले देतो. आपल्याच जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. समजा, अशा एखाद्या लेण्याचा काळ आपणांस ठरवायचा आहे. केवळ धाटणी पाहून आपण म्हणू, ‘पहिले ते सहावे शतक’. अक्षरवाटिकेचा अभ्यास झाल्यावर म्हणू, ‘दुसरे ते चौथे’. आणखी पुरावा मिळाला तर म्हणू, ‘तिसरे’. पट्टा आखूड होत जातो, तशी माहिती वाढत जाते. गणितातही हेच घडते. २चे वर्गमूळ दशांशात कधीच संपत नाही. परंतु ते १ आणि २ यांच्यामध्ये आहे, १.४ आणि १.५ यांच्यामध्ये आहे, १.४१ आणि १.४२ यांच्यामध्ये आहे, १.४१४ आणि १.४१५ यांच्यामध्ये आहे, असे आपण हवे तितके पुढे जाऊ शकतो. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या पोटात आहे. या अनंत साखळीचा शेवट ज्या एका संख्येवर होतो, तीच साखळीची सीमा.

डोमेनच्या व्याख्येतील मुख्य अट हीच आहे. वाढत जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक साखळीला तिची सीमा डोमेनमध्येच सापडली पाहिजे. संगणकापुढे अनंत गोष्ट एकदम कधीच येत नाही; येतात ते तिचे मर्यादित तुकडे. तुकड्यातुकड्यांनी जे गाठता येते, तेवढ्याच अनंताचा हा सिद्धान्त विचार करतो.

दोन शाळामास्तर आणि एक तर्कशास्त्रज्ञ

आता थोडा इतिहास. १९३०च्या दशकात अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे अलोन्झो चर्च यांनी ‘लॅम्डा कलन’ नावाची एक लिपीच घडविली. तिच्यात सर्व काही फल असते. फल म्हणजे एक गोष्ट घेऊन दुसरी गोष्ट देणारा नियम. या लिपीत एखादे फल दुसऱ्या फलाला लावता येते. इतकेच काय, स्वतःलाही लावता येते. १९३६ साली अॅलन ट्युरिंग यांनी आपल्या कल्पित यंत्राच्या आधारे दाखविले, की कोणताही प्रोग्राम कधी थांबेल की नाही हे बिनचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही. म्हणजे प्रत्यक्ष यंत्रे बनण्यापूर्वीच त्यांची मर्यादा सिद्ध झाली होती.

यंत्रे बनली, प्रोग्राम लिहिण्याच्या भाषा बनल्या. पण त्या भाषांतील वाक्यांचा अर्थ काय, हे नेमके सांगण्याची सोय नव्हती. ‘यंत्रावर चालवून पाहा’ एवढेच उत्तर होते. दोन यंत्रांवर दोन वेगळी उत्तरे आली, तर चूक कोणाची हे ठरविणार कसे? या प्रश्नाने अस्वस्थ झालेल्यांपैकी एक क्रिस्टोफर स्ट्रेची हे इंग्रज गृहस्थ होते. ते मूळचे शाळामास्तर. हॅरो येथील शाळेत शिकवीत असताना त्यांना संगणकाचा नाद लागला. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठात प्रोग्रामिंगच्या संशोधनगटाचे ते प्रमुख झाले. १९६९च्या शरद ऋतूत चर्च यांचेच विद्यार्थी, अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉट, त्यांच्याकडे आले.

त्या भेटीतील एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्कॉट यांचे आरंभी ठाम मत होते, की स्वतःलाच लागू होणाऱ्या फलांच्या या लिपीला गणिती अर्थ नाही. स्ट्रेची यांनी तिचा नाद सोडावा. हे मत मांडणारा लेखही त्यांनी ऑक्टोबरमध्ये लिहिला. आणि त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबर १९६९ मध्ये, त्यांना स्वतःलाच त्या लिपीचा गणिती अर्थ सापडला. आपले मत पुराव्यापुढे टिकत नाही असे दिसताच त्यांनी ते टाकून दिले. तो आधीचा लेख पुढे १९९३ मध्ये छापला गेला, तोही त्या लेखातील उपयुक्त तर्कपद्धतीमुळे. १९७१ मध्ये स्कॉट आणि स्ट्रेची यांचा संगणकभाषांच्या गणिती अर्थविचारावरील संयुक्त प्रबंध प्रसिद्ध झाला. १९७५ मध्ये स्ट्रेची निवर्तले. स्कॉट यांच्या त्याच तर्कपद्धतीवर रॉबिन मिल्नर यांनी सिद्धता तपासणारी यंत्रणा उभारली आणि तीतून ‘एमएल’ ही संगणकभाषा जन्मली. हे मिल्नरही काही काळ शाळेत गणित शिकवीत असत. त्याच सुमारास सोव्हिएत संघात युरी एर्शोव स्वतंत्रपणे जवळपास याच कल्पनांपाशी पोहोचले होते.

अडचण कोणती होती?

अडचण मोजणीची होती. दोन वस्तूंचा संच घ्या. त्या संचातून त्याच संचात जाणारी फले ४ होतात. तीन वस्तूंच्या संचावर ती २७ होतात, आणि दहा वस्तूंच्या संचावर एक हजार कोटी. फलांची संख्या वस्तूंच्या संख्येपेक्षा नेहमीच कितीतरी मोठी. संच अनंत असला तरी हे चुकत नाही, असे जॉर्ज कॅन्टर यांनी १८९१ मध्ये सिद्ध केले होते. लॅम्डा कलनात तर प्रत्येक वस्तू हीच एक फल असते. म्हणजे जितक्या वस्तू तितकीच फले असा संच हवा. आणि असा संच, एकुलत्या एका वस्तूचा क्षुल्लक संच सोडला, तर शक्यच नाही.

स्कॉट यांचा तोडगा असा : सगळी फले मोजूच नका. यंत्राला जी करता येणे शक्य आहे, तेवढ्याच जातीची फले घ्या. अशा फलांना दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली अट अशी, की अधिक माहिती दिली तर उत्तरातही निदान तितकीच माहिती आली पाहिजे; कमी होता कामा नये. याला क्रमरक्षण म्हणू. दुसरी अट अशी, की उत्तराचा प्रत्येक मर्यादित भाग हा दिलेल्या माहितीच्या मर्यादित भागावरूनच निघाला पाहिजे. ‘आधी अनंत माहिती पूर्ण वाचून होऊ द्या, मग पहिले अक्षर सांगतो’ असे म्हणणारे फल चालणार नाही. याला सांतत्य म्हणतात.

अगदी लहान उदाहरणावर हे तपासून पाहू. दोनच पायऱ्यांचे डोमेन घ्या. खाली ‘अजून बातमी नाही’, वर ‘बातमी आली’. त्यावरील ४ फलांपैकी ३ क्रम राखतात. पहिले, नेहमी गप्प राहणारे. दुसरे, नेहमी बोलणारे. तिसरे, बातमी आली तरच बोलणारे. चौथे मात्र बातमी नसेल तेव्हा बोलते आणि बातमी आली की गप्प बसते. हे क्रम मोडते, म्हणून वगळले जाते. का वगळावे? कारण हे चौथे फल ‘बातमी कधीच येणार नाही’ हे वाट न पाहता ओळखू पाहते. प्रोग्राम थांबणार नाही हे आधीच सांगणारे यंत्र ते हेच. ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये जे अशक्य ठरविले, तेच येथे साध्या क्रमाच्या अटीने बाहेर राहते. अशी अशक्य फले वगळल्यावर उरलेल्या सांतत्यशील फलांची संख्या आटोक्यात येते, आणि मग ‘जितक्या वस्तू तितकीच सांतत्यशील फले’ असे डोमेन पायरीपायरीने, सीमा घेत घेत, उभे करता येते. स्कॉट यांनी नेमके तेच केले.

स्वतःच्याच आधाराने सांगितलेली व्याख्या

संगणकात स्वतःचाच उल्लेख करणाऱ्या व्याख्या जागोजाग येतात. क्रमगुणिताची व्याख्या पाहा. शून्याचे क्रमगुणित १. आणि कोणत्याही पुढच्या संख्येचे क्रमगुणित म्हणजे ती संख्या गुणिले तिच्या आधीच्या संख्येचे क्रमगुणित. येथे क्रमगुणित सांगण्यासाठी क्रमगुणितच वापरले आहे. ही व्याख्या झाली की फिरवाफिरव?

डोमेन सिद्धान्ताचे उत्तर असे. सुरुवात तळापासून करा, म्हणजे क्रमगुणिताविषयी काहीच ठाऊक नाही असे धरा. आता व्याख्येतील नियम एकदा लावा. शून्याचे क्रमगुणित १ एवढे कळले. बाकी सारे अज्ञात. नियम पुन्हा लावा. आता १चे क्रमगुणितही कळले, तेही १. पुन्हा लावा, २चे २ कळले. मग ३चे ६, मग ४चे २४. प्रत्येक फेरीत माहितीची एक ओळ वाढते, आधीची एकही पुसली जात नाही. या साखळीची सीमा म्हणजेच संपूर्ण क्रमगुणित फल. त्यावर नियम पुन्हा लावला तर काहीच बदलत नाही. ज्याला नियम लावूनही जे जसेच्या तसे राहते, त्याला स्थिरबिंदू म्हणतात. सांतत्यशील नियमाला असा स्थिरबिंदू असतोच आणि त्यांतील सर्वांत लहान स्थिरबिंदू तळापासून चढत गेल्याने मिळतो, हा या शास्त्रातील मध्यवर्ती सिद्धान्त. पोलिश गणितज्ञ क्नास्टर आणि टार्स्की यांनी अशा स्थिरबिंदूंचा विचार आधीच केला होता. टार्स्की यांचा या विषयावरील प्रसिद्ध निबंध १९५५चा आहे.

‘सर्वांत लहान’ हा शब्द येथे फार मोलाचा आहे. समजा, कोणी व्याख्या केली, की ‘माझे उत्तर म्हणजे माझेच उत्तर’. ही अट कोणतेही फल पाळील. मग कोणते निवडावे? सर्वांत लहान, म्हणजे तळ. अर्थात ‘उत्तर नाही’. यंत्रावर असा प्रोग्राम चालविला तर तोही गोल गोल फिरत राहतो आणि कधीच उत्तर देत नाही. दुसऱ्या कोणी म्हटले, ‘माझे उत्तर म्हणजे माझे उत्तर अधिक एक’. अशी एकही संख्या नाही. पण तळ मात्र चालतो, कारण अज्ञातात एक मिळविला तरी ते अज्ञातच राहते. गणित आणि यंत्र यांचे उत्तर एकच येते. सर्वांत लहान स्थिरबिंदू म्हणजे पुराव्याने जेवढे सिद्ध होते तेवढेच म्हणणे, पदरचे काही न घालणे. इतिहासलेखनाची शिस्त याहून वेगळी नाही.

‘किंवा’ची परीक्षा

तर्कशास्त्राशी या विषयाचे नाते पाहण्यासाठी व्यवहारातील एक नियम घेऊ. ‘अर्जदाराकडे पहिला दाखला असेल किंवा दुसरा दाखला असेल, तर अर्ज मंजूर.’ दुसरा दाखला हाती आहे आणि पहिल्याविषयी अजून काही कळलेले नाही. अर्ज मंजूर व्हावा की नाही? तर्काने पाहता तो मंजूर झालाच पाहिजे, कारण पहिल्याचे उत्तर काहीही आले तरी निकाल बदलणार नाही. हे फल क्रम राखते, सांतत्यही राखते; डोमेनच्या दृष्टीने ते निर्दोष आहे.

आता खिडकीवरील कारकुनाची रीत पाहा. तो आधी पहिल्या दाखल्याची चौकशी पाठवितो आणि उत्तर येईपर्यंत दुसरा कागद उघडतच नाही. उत्तर कधीच आले नाही, तर अर्ज कायमचा अडकतो. एकामागून एकच काम करणारा प्रोग्रामही असाच अडकतो. दोन्ही चौकश्या एकाच वेळी चालवून जे आधी येईल ते स्वीकारणारा ‘किंवा’ अशा भाषांत लिहिताच येत नाही, हे गॉर्डन प्लॉटकिन यांनी १९७७ मध्ये सिद्ध केले. म्हणजे गणितात जे न्याय्य ‘किंवा’ आहे आणि रांगेतल्या यंत्राला जे जमते, त्यांत फट आहे. ही फट कशी भरावी या प्रश्नाने पुढे अनेक वर्षे संशोधकांना कामाला लावले. आम्हांस मात्र या उदाहरणात एक वेगळीच शिकवण दिसते. नियम कागदावर न्याय्य असून भागत नाही. तो राबविण्याच्या रीतीतही तो न्याय उतरला आहे का, हे वेगळे तपासावे लागते.

तर्काचा आणखी एक पैलू आहे. काही विधाने मर्यादित निरीक्षणाने सिद्ध होतात. ‘गाडी आली’ हे तसे विधान. गाडी दिसली की संपले. ‘गाडी कधीच येणार नाही’ हे मात्र कितीही वेळ फलाटावर बसून सिद्ध होत नाही. मर्यादित पुराव्याने ज्यांना होकार देता येतो अशा विधानांचे स्वतःचे तर्कशास्त्र असते, आणि त्यातील विधाने व डोमेनमधील माहितीचे तुकडे ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. सॅमसन अब्राम्स्की यांनी १९९१च्या निबंधात हे नाते पद्धतशीर मांडले.

चार कोटी

माहिती दोन ठिकाणांहून आली आणि ती परस्परविरोधी निघाली तर? एक साधन म्हणते लेणे दुसऱ्या शतकातले, दुसरे म्हणते पाचव्या. १९७७ मध्ये अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ नुएल बेल्नॅप यांनी संगणकासाठी चार मूल्यांचे तर्कशास्त्र सुचविले : ‘खरे’ असे सांगितले गेले, ‘खोटे’ असे सांगितले गेले, दोन्ही सांगितले गेले, काहीच सांगितले गेले नाही. ही चार मूल्ये माहितीच्या क्रमाने लावताना त्यांनी स्कॉट यांच्याच कल्पनांचा आधार घेतला. तळाशी ‘काहीच नाही’, मध्ये ‘खरे’ आणि ‘खोटे’, वर ‘दोन्ही’. एका विसंगतीमुळे सगळा माहितीसाठा निकामी होऊ नये, हा त्यांचा हेतू.

बौद्ध वाचकांना येथे चतुष्कोटीची आठवण होणे साहजिक आहे. आहे, नाही, आहे आणि नाही, आहे असेही नाही व नाही असेही नाही, या चार कोटी पाली सुत्तांत येतात आणि नागार्जुनांच्या मूलमध्यमककारिकेतही येतात. साम्य डोळ्यांत भरणारे आहे. परंतु येथे सावध राहिले पाहिजे. मृत्यूनंतर तथागत असतात काय, या प्रश्नाच्या चारही कोटी भगवान बुद्धांनी बाजूला ठेवल्या. मालुंक्यपुत्ताला तसे स्पष्ट सांगितले. बेल्नॅप यांची चार मूल्ये मात्र यंत्राने द्यावयाची उत्तरे आहेत. एका ठिकाणी चार पर्यायांना नकार आहे, दुसऱ्या ठिकाणी चारांचा वापर आहे. ‘आधुनिक विज्ञान सारे आमच्या ग्रंथांत होतेच’ असे म्हणण्याची खोड आपल्या देशात पुष्कळांना आहे. ती आपण उचलू नये. साम्य दिसले तर ते नोंदवावे, फरक दिसला तर तोही तितक्याच आवाजात सांगावा. ज्या प्रश्नाला उत्तर देण्यासारखा आधार नाही तेथे बळेच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू नये, ही वृत्ती मात्र दोन्हीकडे आहे, आणि ती घेण्यासारखी आहे.

महाराष्ट्रात

हा विषय दूरदेशीचा वाटला तरी त्याची कामाची बाजू आपल्या राज्यात चांगली रुजली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बनविलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. १९५८ मध्ये पवईला आय.आय.टी. स्थापन झाली. तेथील धनंजय ढमढेरे यांच्या संगणकप्रणालींवरील पाठ्यपुस्तकांवर देशभरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी शिकले. ढमढेरे आणि उदय खेडकर यांनी १९९४ मध्ये, आणि पुढे खेडकर, अमिताभ सान्याल व बागेश्री करकरे यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, प्रोग्राममधील माहितीच्या प्रवाहाचे विश्लेषण हा विषय मांडला. डोमेन सिद्धान्ताचे हे सख्खे भावंडच म्हणता येईल.

हे विश्लेषण करते काय? प्रोग्राम न चालविता, नुसता वाचून, त्याच्या प्रत्येक ओळीपाशी काय काय घडू शकते याचा अंदाज बांधते. या ठिकाणी ही संख्या शून्य असू शकते का? ही जागा रिकामी असताना तिचा वापर होऊ शकतो का? ट्युरिंग यांच्या सिद्धान्तामुळे अचूक उत्तर नेहमी मिळणे अशक्य. म्हणून ‘नक्की नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ अशी सुरक्षित उत्तरे घेतली जातात. प्रोग्राममधील ओळींचे नियम पुन्हा पुन्हा लावीत स्थिरबिंदू गाठला जातो, अगदी क्रमगुणिताच्या उदाहरणासारखा. पॅट्रिक आणि राधिया कूझो या दांपत्याने १९७७ मध्ये या रीतीला व्यापक गणिती पाया दिला. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्रातही प्रोग्राम तपासणारी साधने घडविली गेली.

अशा तपासणीची गरज का, हे ४ जून १९९६ रोजी जगाला दिसले. युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांत मावणारी एक संख्या १६ बिटांच्या जागेत कोंबण्याचा प्रयत्न झाला, ती मावली नाही, आणि प्रोग्राम कोसळला. उलट, २००३ मध्ये कूझो यांच्या गटाच्या साधनाने एअरबस ए-३४० विमानाच्या मुख्य उड्डाणनियंत्रक प्रोग्राममध्ये अशा जातीची एकही चूक घडू शकत नाही, हे सिद्ध करून दाखविले. तळ आणि स्थिरबिंदू यांचे गणित कागदावरच राहिले नाही. ते माणसांच्या जीविताचे राखणदार झाले आहे.

आपल्याला याचे काय?

पालक विचारतील, की आमच्या मुलांना याचा उपयोग कोणता? आम्ही दोन उपयोग सांगू.

पहिला नागरिक म्हणून. शिष्यवृत्ती, शिधापत्रिका, दाखले, प्रवेश, पगार या साऱ्यांच्या वाटेवर आज एक प्रोग्राम बसलेला आहे. अर्जातील उत्पन्नाचा रकाना रिकामा राहिला तर तो प्रोग्राम त्याचा अर्थ काय घेतो? शून्य? की ‘माहिती अजून आलेली नाही’? जुळणी झाली नाही याचा अर्थ ‘हा मनुष्य पात्र नाही’ असा घेतो, की ‘अजून ठरले नाही’ असा? माहितीसाठा सांभाळणाऱ्या प्रणालींत रिकाम्या जागेसाठी ‘नल’ नावाची वेगळी खूण असते, ती यासाठीच. ती खूण बेफिकिरीने वापरली, की तळाचे रूपांतर नकारात होते. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कागदच नव्हता, त्या घराच्या नोंदीत रिकामे रकाने अधिक असतात. म्हणून ‘ठाऊक नाही’ला ‘नाही’ समजण्याच्या चुकीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. तो ज्यांच्याकडे कागद कमी त्यांच्यावर जास्त पडतो. खिडकीवर ‘सिस्टिममध्ये नाही’ असे उत्तर मिळाले, तर ‘नाही म्हणजे नाकारले, की नाही म्हणजे अजून नोंदलेच नाही?’ हा प्रश्न विचारण्याचे बळ आपल्या मुलांत आले पाहिजे. आणि ज्या मुली-मुलांच्या हाती उद्या असे प्रोग्राम लिहिण्याचे काम येईल, त्यांनी हा भेद आपल्या कामात पाळला पाहिजे.

दुसरा उपयोग अभ्यासक म्हणून. संगणक शिकणे म्हणजे कळा दाबणे शिकणे, असा समज खेड्यापाड्यांत अजून आहे. त्या समजामुळे आपली मुले यंत्र वापरणाऱ्यांच्या रांगेत राहतात. यंत्राचा अर्थ ठरविणाऱ्यांच्या रांगेत जात नाहीत. वर आलेल्या विषयाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. कागद, पेन्सिल, संच आणि फल यांची शालेय ओळख, आणि चिकाटी एवढ्यावर त्याचा आरंभ होतो. नववीच्या विद्यार्थ्यालाही पुढील प्रश्न सोडविता येईल : तळ, ‘हो’ आणि ‘नाही’ अशा तीन वस्तूंचे डोमेन घ्या, ज्यात तळ दोघांच्या खाली आहे आणि ‘हो’ व ‘नाही’ एकमेकांशी तुलना न होणारे आहेत. त्यावरील २७ फलांपैकी क्रम राखणारी फले किती? उत्तर ११ येते. तळाचे उत्तर तळच असेल, तर बाकीच्या दोहोंची उत्तरे काहीही चालतात, अशी ९ फले. आणि तळाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेल, तर तेच उत्तर सर्वत्र द्यावे लागते, अशी २. म्हणजे जो ऐकण्यापूर्वीच निकाल देतो, त्याला पुढे काहीही ऐकले तरी तो बदलता येत नाही. गणिताची ही ओळ न्यायासनावर बसणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावी अशी आहे.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे मुंबई-पुण्यात, परगावी, परदेशी संगणकाच्या क्षेत्रात आहेत, त्यांना आमची विनंती आहे, की सुट्टीत सावर्ड्याला याल तेव्हा एखादा तास वसतिगृहातील मुलांसाठी राखून ठेवा. नोकरी कशी मिळाली हे सांगाच. पण त्याबरोबर फळ्यावर क्रमगुणिताची ती वाढत जाणारी यादी लिहा, आणि मुलांनाच पुढची ओळ सांगू द्या. वरच्या प्रश्नातील ११ फलेही त्यांच्याकडूनच शोधून घ्या. चुकले तर थांबा, वाट पाहा. उत्तर अजून आलेले नाही, याचा अर्थ मुलाला येत नाही असा होत नाही.